उचलताना आणि ठेवताना



मागच्या उन्हाळ्यात मी लोणच्यासाठी काचेच्या चार बरण्या मागवल्या, ऑनलाइन. खुटबावात आता सगळं दारात येतं. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा पुण्याहून काही आणवायचं तर कुणी जाणारं-येणारं गाठावं लागायचं. आता मोबाइलवर बोट टेकवलं की तिसऱ्या दिवशी ओट्यासमोर मोटारसायकल उभी. खोकं उघडलं तर चारातल्या दोन बरण्या फुटलेल्या. खोक्यावर काचेच्या पेल्याचं चित्र होतं, लाल अक्षरात सूचना होती, आणि एका कोपऱ्याचा पार चेंदा झालेला. मी तोंडाचा पट्टा सोडला तो त्या पोरावर, ज्यानं फक्त ते खोकं यवतहून इथपर्यंत आणलं होतं. फोटो काढले, तक्रार टाकली, वर एकच तारा दिला. तिसऱ्या दिवशी पैसे परत आले.

संध्याकाळी शेजारणीचा मुलगा दूध घेऊन आला. हा मुलगा पुण्याच्या बाजूला एका मोठ्या पार्सल गोदामात रात्रपाळीला जातो. बरण्यांची हकीकत ऐकून तो हसला. म्हणाला, "काकी, दोन तरी वाचल्या म्हणा." मग ट्रक कसा रिकामा होतो ते त्यानं मला सांगितलं. दोघं ट्रकमध्ये वर, दोघं खाली. वरच्यानं खोकं खालच्याच्या हातात द्यायचं, जड असेल तर दोघांनी मिळून उतरवायचं, असा नियम. पण एका ट्रकला ठरलेली मिनिटं असतात आणि पुढचा ट्रक भोंगा वाजवत उभा असतो. मग हातात देणं बंद होतं आणि फेकणं सुरू होतं. जड खोकी खाली आणि हलकी वर रचायची असतात, पण आधीच्या ठिकाणी घाईत भरलेल्या गाडीत नेमकं उलटं असतं, दार उघडलं की वरचं अंगावर येतं. कुणी चालत्या पट्ट्यावरून उडी मारून पलीकडे जातं. कुणी माल ओढायच्या हातगाडीवर उभं राहून ती स्कूटरसारखी पळवतं. ड्रायव्हर मागे कोण आहे ते न बघता गाडी मागे घेतो. मी विचारलं, "मग तुम्ही एकमेकांना बोलत नाही का?" तर म्हणाला, "बोलणाऱ्याला मास्तर म्हणून चिडवतात."

तेव्हा मीही हसले होते. खरं तेच सांगते.

यंदा संक्रांतीनंतरच्या आठवड्यात एका पहाटे त्याच्या आईनं दार वाजवलं. मुलगा पुण्यात दवाखान्यात होता. सेल चालू होता, ट्रकवर ट्रक येत होते. वरचा मुलगा कानात गाणी घालून, पाठमोरा, खोकी पायानं मागे ढकलत होता. त्यातलं एक खोकं पाण्याच्या मोटारीचं होतं. खाली हा वाकून दुसरं काही उचलत होता. वरून हाक नाही, काही नाही. खोकं उजव्या पावलावर आलं. दोन हाडं मोडली. सहा आठवडे प्लास्टर, आणि दिवसभर उभं राहायचं काम पुढे जमेल का ते नंतर बघू, असं डॉक्टर म्हणाले.

वरचा मुलगा कुणी परका नाही. जवळच्याच वस्तीवरचा, ह्याचा शाळेपासूनचा मित्र. ह्याला त्या कामावर लावलं तेही त्यानंच.

चार दिवसांनी शेजारीण एक कागद घेऊन आली. "काकी, तुम्ही शिकलेल्या आहात. एवढं वाचून सांगा, सही करायची का?" इंग्रजीत टाइप केलेलं अर्धं पान. मजकूर एवढाच की हा अपघात माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही आणि मला काही मागायचं नाही. मुलगा सही करायला तयार होता. कारण विचारलं तर मित्राचं नाव निघालं की त्याची नोकरी जाईल, आणि त्याच्या घरात बहिणीचं लग्न ठरलंय.

मला त्या बरण्या आठवल्या. बरणी स्वतःच्या चुकीनं फुटली असा कागद मला कुणी पाठवला नव्हता.

आमच्या सासऱ्यांचं, बाबूजींचं, आडतीचं दुकान होतं. हमाली, तोलाई, वाराई हे शब्द मी बी.कॉम.च्या पुस्तकात नाही, दुकानाच्या वहीत शिकले. तेव्हा पोतं शंभर किलोचं असायचं. दोन हमाल दोन बाजूंनी ते उचलायचे आणि तिसरा पाठ वाकवून उभा राहायचा. पोतं त्याच्या पाठीवर टेकलं तरी दोघं हात काढत नसत. खालचा म्हणायचा, "सोड." मग सोडायचे. दिवसातून किती वेळा तो शब्द कानावर यायचा, आम्ही आत स्वयंपाक करत असलो तरी ऐकू यायचा. एकदा एका नव्या पोरानं "सोड" ऐकायच्या आधीच हात काढला. खालचा माणूस गुडघ्यावर बसला. फार लागलं नाही, पण टोळीच्या मुकादमानं त्या पोराला तिथल्या तिथे बाजूला केलं आणि दिवसभर रिकाम्या बारदानांच्या घड्या घालायला बसवलं. त्याच्या मजुरीला हात लावला नाही. बाबूजी गादीवरून बघत होते, मधे पडले नाहीत.

त्या शंभर किलोच्या पोत्याचं पन्नास किलोचं व्हावं म्हणून पुण्यात बाबा आढाव आणि त्यांची हमाल पंचायत वर्षानुवर्षं भांडली. बाबा ८ डिसेंबर २०२५ ला गेले, पंचाण्णव वर्षांचे होते. व्यापाऱ्यांच्या घरांत त्यांच्याबद्दल फार मायेनं बोललं जात नसे, आमच्याही घरात नाही. माथाडी कायदा १९६९ चा. त्याची लेव्ही भरायची म्हटली की दुकानात कुरकुर व्हायची, आणि त्या वह्या लिहिताना मीही ती केली आहे. पण त्या लेव्हीच्या पैशातून हमालाला फंड मिळाला, औषधपाणी मिळालं, त्याचं नाव एका मंडळाच्या रजिस्टरमध्ये चढलं. शेजारणीच्या मुलाचं नाव कुठल्या रजिस्टरमध्ये आहे हे शोधायलाच मला आठ दिवस लागले. गोदाम एकाचं, माणसं पुरवणारा ठेकेदार दुसरा, ट्रक तिसऱ्याचा.

आता आपल्या घरातलं बोलते. आपण पाच समित्या पाठ म्हणतो: ईर्या, भाषा, एषणा, आदान-निक्षेपण आणि परिष्ठापना. चौथीचा अर्थ सरळ आहे. वस्तू उचलताना बघून उचलायची, ठेवताना बघून ठेवायची. महासतीजी पात्र खाली ठेवण्याआधी जागा पुंजून घेतात, वस्त्राचं पडिलेहण करतात, ते आपण लहानपणापासून पाहत आलो. समिती साधूंची म्हणून आपण सोडून देतो, फार तर सामायिकाला बसताना पुंजणी फिरवतो. पण ज्या माणसाचा सगळा दिवस उचलण्यात आणि ठेवण्यातच जातो, त्याच्या धंद्यालाच ही समिती लागू आहे असं मला या महिन्यात पहिल्यांदा जाणवलं. खोकं कुठे पडणार हे न बघता सोडणं म्हणजे दुसरं काय?

आणि हिंसा म्हणजे जाणूनबुजून मारणं, एवढाच अर्थ आपल्याकडे कधीच नव्हता. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या केली तिच्यात आधी प्रमाद येतो आणि मग प्राणाची हानी. उत्तराध्ययनाच्या दहाव्या अध्ययनात भगवान गौतमस्वामींना पुनःपुन्हा एकच गोष्ट बजावतात, क्षणभरही गाफील राहू नकोस. म्हणून "त्यानं मुद्दाम थोडंच केलं" हे वाक्य मला पुरेसं वाटत नाही. मुद्दाम केलं नाही हे खरं. बघितलंही नाही, हेही तितकंच खरं.

इथे आपल्यातल्या दोन मतांशी माझं जमत नाही. स्थानकात हा विषय निघाला तेव्हा एक जण म्हणाली, ही पोरं बेफिकीरच असतात, कानात ते बोळे आणि तोंडात गुटखा, त्यांना कोण सुधारणार. दुसरी म्हणाली, सगळा दोष कंपन्यांचा, त्या गरीब पोराला काय बोलता. पहिलीला मी म्हटलं, ती पोरं आपल्याच गावची आहेत आणि आपल्याच दाराशी येतात. दुसरीचं म्हणणं मला बरंचसं पटतं. तरी ज्या पायानं खोकं ढकललं तो पाय कंपनीचा नव्हता. घाई कितीही असली तरी हाक मारायला एक क्षण लागतो. बाबूजींच्या दुकानातही पावसाच्या आधी माल आत घ्यायची घाई असायची, पण "सोड" कधी गळलं नाही.

माझ्या नणंदेची नात पुण्यात कायद्याचं शिकते. तिला मी फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, आजी, ह्याच्यावर तर पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वीचा खटला आहे. धंदा खाटकाचा, आपल्याला नाव घ्यायलाही नको वाटतं, पण ऐका. १८३५ साली इंग्लंडमध्ये फाउलर नावाच्या खाटकाकडे प्रिस्टली नावाचा पोरगा कामाला होता. त्याला माल पोहोचवायला गाडीबरोबर पाठवलं. गाडी दुसरा नोकर हाकत होता आणि तिच्यात प्रमाणाबाहेर माल भरला होता. गाडी मोडली, पोराच्या मांडीचं हाड मोडलं. ज्यूरीनं त्याला शंभर पौंड मिळावेत असं सांगितलं. पण १८३७ मध्ये वरच्या कोर्टात लॉर्ड अ‍ॅबिंजर यांनी तो निकाल फिरवला. त्यांचं म्हणणं असं की एका नोकराच्या चुकीसाठी दुसऱ्या नोकराला मालकानं पैसे द्यायचे ठरवलं तर त्याला अंत राहणार नाही. उद्या मोलकरणीनं दमट अंथरूण घातलं किंवा स्वयंपाक्यानं तांब्याची भांडी नीट घासली नाहीत, तरी मालकच जबाबदार. आणि पोराला गाडी जास्त भरलीय हे दिसत होतं, तर त्यानं जायला नकार द्यायचा होता.

मैत्रिणींनो, तांब्याच्या भांड्याची गोष्ट ऐकून मला हसू आलं आणि रागही आला. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट शिजवलं तर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे, आणि भांड्याला कल्हई करून आणायची जबाबदारी घर चालवणाऱ्याची, हेही ठाऊक आहे. कामावरचा पोरगा "नाही जात" म्हणू शकतो असं न्यायाधीशाला वाटावं, हे तर विशेषच.

त्या निकालावरून पुढे शंभर वर्षं मालकांना एक सबब मिळाली: चूक सोबतच्या कामगाराची, आमचा काय संबंध. आपल्याकडे ती सबब १९३८ च्या एम्प्लॉयर्स लायबिलिटी कायद्यानं काढून घेतली. खुद्द इंग्लंडमध्ये ती १९४८ पर्यंत टिकली. आणि त्याच्याही आधी, १९२३ पासून, आपल्याकडे कामगार भरपाईचा कायदा होता. बी.कॉम.ला औद्योगिक कायद्याच्या पेपरात तो मी मार्कांपुरता पाठ केला होता. चाळीस वर्षांनी त्याचा उपयोग झाला.

हा भाग जरा लक्ष देऊन वाचा, कारण आपल्या घरी काम करणाऱ्या बायकांची मुलं याच कामात आहेत. त्या कायद्यातली भरपाई आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये आली आहे, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला असेल तर भरपाई मिळते. चूक कुणाची हे आधी सिद्ध करावं लागत नाही. सोबत्याची असो, स्वतःची असो. स्वतः नशेत असेल, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला असेल किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून ठेवलं असेल तर मालक हात वर करू शकतो. पण माणूस गेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर तेव्हाही नाही. आणि मला काही नको असं आधीच लिहून घेतलेला कागद भरपाईचा हक्क बुडवू शकत नाही, तो करार रद्दबातल धरला जातो. एवढं कळल्यावर मी शेजारणीला म्हटलं, सही करू देऊ नकोस.

मग पगाराची चिठ्ठी मागवली. मोबाइलवर होती, कुणी कधी उघडून बघितली नव्हती. त्यात ईएसआयची कपात दिसली. महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्याच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात आणि मालक ३.२५ टक्के घालतो. म्हणजे तो विमा उतरवलेला कामगार आहे. कामावर जखमी झाला तर उपचार त्यांचे, आणि घरी बसावं लागलं तेवढे दिवस पगाराच्या साधारण नव्वद टक्के रक्कम मिळते. त्यासाठी ठेकेदारानं अपघाताचा अहवाल द्यायला हवा. त्यानं दिला नव्हता. स्वतःच्या चुकीचा कागद मात्र टाइप करून तयार होता.

दारात येणाऱ्या मोटारसायकलवाल्या मुलांना तर हा विमाही नाही. त्यांना संहितेत गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार म्हटलं आहे. कंपन्यांनी वर्षाच्या उलाढालीच्या एक ते दोन टक्के त्यांच्यासाठीच्या निधीत घालायचे आहेत, अशी तरतूद आहे. तो पैसा त्यांच्या हातात कसा पोहोचतो ते बघायचं. २५ आणि ३१ डिसेंबरला या मुलांच्या संघटनांनी देशभर काम बंदची हाक दिली, आणि जानेवारीत केंद्रीय कामगार मंत्र्यांनी कंपन्यांना बोलावून सांगितल्यावर ब्लिंकिटनं जाहिरातीतला दहा मिनिटांचा दावा काढून टाकला. पुण्यात राहणारी माझी सून म्हणते, दावा गेला तरी सामान येतं तेवढ्याच वेळात. मी तिला विचारलं, तुला दहा मिनिटांत कोथिंबीर कशाला लागते? गप्प बसली. कदाचित माझ्यावर रागावली असेल.

आता यात आपला वाटा. करणं, करवणं आणि अनुमोदन, पाप तिन्हींनी लागतं, हे आपण व्रत घेताना म्हणतो. पहिल्या अणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभार आहे, म्हणजे झेपेल त्याहून जास्त ओझं लादणं. प्रतिक्रमणात आपण ते म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे बैल येतो. माझ्याही डोळ्यांपुढे आतापर्यंत बैलच यायचा. पाठीवर स्वतःच्या उंचीएवढी पिशवी, पुढे टाकीवर पोतं, आणि मागे बसलेला दुसरा पोरगा हातात खोकी धरून, असे दोघं यवतच्या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या मधून निघालेले मी कितीदा पाहिलेत. गळिताच्या दिवसांत त्या ट्रॉल्यांच्या मागे ना दिवा ना चमकती पट्टी. आणि अशा वेळी आपण फोन करतो, "कुठवर आलास?" तो एका हातानं उचलतो. मी स्वतः एका पार्सलसाठी तीनदा फोन केला आहे, आणि पार्सलमध्ये काय होतं, तर उशांचे अभ्रे.

आपण सूर्यास्तानंतर जेवत नाही. पण आपल्या अभ्र्यांचा ट्रक रात्री दोनला रिकामा होतो. आपण पाणी गाळतो, धान्य निवडताना अळी दिसली तर बोटानं अलगद उचलून बाहेर ठेवतो. हे चांगलंच आहे, मी टिंगल करत नाही, मरेपर्यंत करीन. फक्त तेच बोट मोबाइलवर टेकतं तेव्हा तेवढं अलगद टेकत नाही.

आणि आपल्यातल्या कितीतरी घरांची स्वतःची ट्रान्सपोर्टं आहेत, आडती आहेत, मार्केट यार्डात गाळे आहेत. तिथे माल उतरवताना वरचा खालच्याला हाक देतो का, हे घरातल्या पुरुषांना विचारायला काय हरकत आहे? मी विचारलं. हे म्हणाले, आता कोण बघतं ते. चार दिवसांनी मात्र स्वतःहून म्हणाले की गाडी लागली की चाकामागे ठोकळा लावायला सांगितलंय.

शिस्त लावल्याशिवाय लागत नाही, पण ती वरूनच लागली पाहिजे असंही नाही. मुंबईचे डबेवाले बघा. ही माणसं आपल्याच जिल्ह्याची, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरची. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये हे काम सुरू केलं असं सांगतात. मुंबईत आपल्या किती घरांचा जैन डबा ह्याच पांढऱ्या टोप्यांनी वेळेवर नेला. एक डबा जाताना तीन-चार हातांतून जातो. लोकलच्या गर्दीत डोक्यावर लांबलचक पाटी घेऊन चढायचं म्हणजे सोबत्याचा हात नेमका वेळेला हवा. कामावर दारू चालत नाही, टोपी नसली तर दंड, आणि हे नियम त्यांचे त्यांनीच केलेले. टोळीतला प्रत्येक जण धंद्यातला भागीदार असल्यामुळे एकाचा निष्काळजीपणा सगळ्यांच्या खिशाला लागतो, म्हणून बोलणाऱ्याला तिथे कुणी मास्तर म्हणून चिडवत नसावं. गोदामातल्या पोरांना असं एकमेकांचं काहीच नसतं. आज हा, उद्या दुसरा. पंधरा दिवसांत अर्धे चेहरे बदलतात, असं शेजारणीचा मुलगा सांगतो. नाव माहीत नसलेल्या माणसाला हाक तरी काय मारायची?

पण ह्या दोघांना तर एकमेकांचं नाव माहीत होतं. तेच मला डाचत होतं.

म्हणून मी त्या मित्राला निरोप पाठवला. आला, ओट्यावरच उभा राहिला, आत येईना. "काकी, मी मुद्दाम नाही केलं."

म्हटलं, "मुद्दाम केलंस असं कुणीच म्हणत नाही, बाळा. हाक का नाही मारलीस?"

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "कानात गाणी होती. झोप येऊ नये म्हणून लावतो."

मी त्याला सांगितलं की त्याचं नाव लपवून मित्राचं भलं होणार नाही, उलट सगळा दोष ज्याचा पाय मोडला त्याच्याच माथी येईल. भरपाई मिळायला तुझी नोकरी घालवावी लागत नाही, पण काय झालं ते खरं लिहिलेलं असलं पाहिजे. तुझ्या हातानं लिही. नवीन संहितेत कामगारावरही कर्तव्य टाकलं आहे, की आपल्या वागण्यामुळे सोबत्याला इजा होणार नाही याची काळजी घ्यायची आणि धोका दिसला तर वरिष्ठांना कळवायचं. तसं तू आता तरी कळव. तो मान हलवून गेला. मला वाटलं, परत येत नाही.

तीन दिवसांनी वहीचं पान घेऊन आला. मराठीत, मोठ्या अक्षरात. त्या रात्री किती ट्रक उतरवले ते लिहिलं होतं. ट्रकला चार जण लागतात आणि त्या रात्री दोघंच होते, वर तो एकटा आणि खाली हा एकटा, हे मला त्या पानावरूनच कळलं. सुपरवायझरला त्यांनी दोनदा सांगितलं होतं, तेही लिहिलं होतं. आणि खाली शेवटी, वेगळ्या ओळीत, "मी हाक दिली नाही."

ते पान शेजारणीच्या मुलानं पलंगावर बसून वाचलं आणि उशीखाली ठेवून दिलं. मित्र त्याच्या पायथ्याशी बसला होता. दोघं क्रिकेटचं काहीतरी बोलायला लागले, मी उठून आले.

मित्राची आई सध्या माझ्याशी बोलत नाही. बाजारात समोरून आली तर तोंड फिरवते. तिच्या जागी मी असते तर मीही कदाचित हेच केलं असतं, मुलीचं लग्न तोंडावर असताना कुणी मुलाकडून असं लिहून घेतलं तर. संवत्सरीला तिच्या दारी जाऊन खमत खामणा करीनच, पण संवत्सरीला अजून सहा-सात महिने आहेत, आणि तोवर त्या पोराचं काम टिकतं का हे मला माहीत नाही. ठेकेदाराकडून अजून काही उत्तर नाही. प्लास्टर आणखी तीन आठवडे आहे.

अर्ज मी लिहिलाय. पगाराची चिठ्ठी, दवाखान्याचे कागद आणि ते वहीचं पान, सगळ्याच्या तीन-तीन प्रती काढल्यात. सोमवारी सकाळच्या गाडीनं शेजारीण आणि मी पुण्याला निघतोय, बिबवेवाडीला ईएसआयच्या कचेरीत. माझा चौविहार आहे, तेव्हा संध्याकाळच्या आत घरी पोहोचायला हवं. डबा घेऊन जाईन म्हणते, दोघींचा.